चित्रात न दिसणारा दुष्काळ

मुलांनो, दुष्काळाचे चित्र काढा असे तुम्हांला कोणी सांगितले, तर तुम्ही काय काढाल? डोळे मिटून क्षणभर विचार करा. एक रणरणता सूर्य, एक वाळलेले झाड आणि खाली तडकलेली, भेगाळलेली जमीन. होय ना? माझ्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनीही अगदी हेच केले होते.

ही गोष्ट २०१६ सालच्या जून महिन्यातली. १७ जून हा दिवस जगभर ‘वाळवंटीकरण आणि दुष्काळ यांच्याशी मुकाबला करण्याचा दिवस’ म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आमच्या विद्यार्थ्यांनी एक मोठे भित्तिपत्रक तयार करायला घेतले. वर्तमानपत्रांतली दहा छायाचित्रे कापून आणली. त्यांतली सात भेगाळलेल्या जमिनीची होती! काम पुरे करण्यासाठी चारपाच मुले रविवारी आमच्या खोपटच्या घरी जमली. शेजारचे एक काका डोकावले. त्यांची सारी नोकरी एसटीत वाहक म्हणून गेली. खोपटच्या स्थानकातून सुटणाऱ्या गाड्यांबरोबर त्यांनी निम्मा महाराष्ट्र पाहिला आहे. मूळचे ते सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले, म्हणजे दुष्काळ त्यांच्या घरचाच.

काकांनी एकेक चित्र निरखून पाहिले आणि म्हणाले, “सर, ह्यो तर गाळ हाय, तळ्यातला. आमच्या माळावर भेग पडायला माती ऱ्हायलीय कुठं?”

मुले हसली. मी मात्र हसू शकलो नाही. मी पदार्थविज्ञान शिकवतो. पण वर्षानुवर्षे तीच चित्रे पाहत असूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. काकांच्या त्या एका वाक्याचा पाठपुरावा करायचे मी ठरवले. त्यातून जे हाती लागले, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

भेगा पडतात कशा?

प्रथम भेगांचे पाहू. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक हवापाण्याने झिजतो, कुजतो आणि त्यापासून आपली काळी माती बनते. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे अतिसूक्ष्म कण असतात. वहीची पाने एकावर एक असावीत तशी या कणांची रचना असते. पाणी मिळाले की ते या पानांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. पाणी उडून गेले की पाने पुन्हा जवळ येतात आणि माती आक्रसते. आक्रसणारा थर सगळीकडून ताणला जातो. ताण सहन होईना की तो फाटतो. याच त्या भेगा.

म्हणजे भेग पडायला दोन गोष्टी हव्यात: बारीक चिकणमाती हवी आणि ती आधी चांगली भिजलेली हवी. माळरानावरच्या मुरमाला भेगा पडत नाहीत, कारण त्यात चिकणमाती नसतेच. खात्री करून घ्यायची असेल तर दोन ताटल्या घ्या. एकीत काळ्या मातीचा चिखल थापा, दुसरीत ओला मुरूम किंवा वाळू. दोन्ही ताटल्या उन्हात ठेवा. दोनतीन दिवसांत पहिलीत भेगांची नक्षी उमटेल. दुसरीत काहीच होणार नाही.

एवढ्यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतातच, चांगला पाऊस झालेल्या वर्षीही पडतात. वळवाचे पहिले पाणी या भेगांतून खोल जाते, म्हणून शेतकऱ्याला त्यांचे भय वाटत नाही. तेव्हा नुसत्या भेगा हा काही दुष्काळाचा पुरावा नव्हे.

मग वर्तमानपत्रातल्या त्या चित्रांतली माती कुठली? बहुतेक वेळा ती असते आटलेल्या तलावाच्या किंवा धरणाच्या तळाची. ती तिथे आली कशी? पावसाच्या पाण्याबरोबर डोंगरउतारावरून आणि शेतांतून वाहत आली. वाटेत दगडगोटे आधी थांबले, मग वाळू थांबली. सर्वांत बारीक आणि सर्वांत सुपीक कण मात्र पाण्यात तरंगत थेट तलावापर्यंत पोचले आणि तिथल्या संथ पाण्यात सावकाश खाली बसले.

किती सावकाश? वाळूचा ०.१ मिलिमीटर व्यासाचा कण स्थिर पाण्यात १० सेंटिमीटर खाली जायला १०-१२ सेकंद घेतो. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरचा, म्हणजे पन्नास पटींनी लहान. कणाचा व्यास निम्मा झाला की खाली बसण्याचा वेग चौथाई होतो, असा नियम आहे. त्या हिशेबाने या कणाचा वेग २,५०० पटींनी कमी झाला. तेवढेच अंतर जायला त्याला सुमारे आठ तास लागतात!

आता काकांचे म्हणणे नीट कळते. ज्या मातीच्या भेगा आपण दुष्काळाचे चित्र म्हणून छापतो, ती वरच्या रानातून वाहून गेलेली माती आहे. चोरी झाली ती डोंगरावर. आपण छायाचित्र काढतो ते चोरीच्या मालाचे. जिथे चोरी झाली त्या उघड्या माळाकडे छायाचित्रकार फिरकत नाही, कारण तिथे दाखवण्यासारखे काहीच उरलेले नसते.

थेंबाचा घाव

ही चोरी करतो कोण? आश्चर्य वाटेल, पण सुरुवात करतो तो पावसाचा थेंबच. ज्याची आपण चातक होऊन वाट पाहतो, तोच!

वळवाच्या पावसाचा एखादा टपोरा थेंब ५ मिलिमीटर व्यासाचा असतो. ढगातून निघताना त्याचा वेग वाढत जातो. पण हवेचा विरोधही वाढत जातो आणि शेवटी दोहोंचा तोल साधतो. मग थेंब एकाच वेगाने खाली येतो. या थेंबाचा हा अंतिम वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर असतो. एका थेंबाची गतिज ऊर्जा अगदीच क्षुल्लक. पण पाऊस म्हणजे एक थेंब नव्हे. एका हेक्टरवर, म्हणजे सुमारे अडीच एकरांवर ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर तिथे ५०० टन पाणी आदळते. लहानमोठे थेंब धरून सरासरी वेग सेकंदाला ७ मीटर मानू. आता वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग हे सूत्र वापरून पाहा. उत्तर येईल सुमारे सव्वा कोटी जूल. एक टन वजनाची शिळा सव्वा किलोमीटर उंचीवरून खाली सोडली, तर ती जमिनीवर आदळताना जेवढी ऊर्जा देईल, तेवढी ही झाली.

त्या हेक्टरवर गवत असेल, झाडोरा असेल, निदान पालापाचोळा तरी असेल, तर हा मार त्याच्या पाठीवर बसतो. थेंब फुटतो, पाणी पानांवरून ओघळते आणि मातीत मुरते. जमीन उघडी असेल तर मार थेट मातीला बसतो. तिची ढेकळे फुटतात, कण उडतात. उडालेले बारीक कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि वरचा थर लिंपल्यासारखा होतो. आता पाणी आत जाऊ शकत नाही. ते उताराने पळू लागते आणि जाताना सुटलेली माती घेऊन जाते. उतार जास्त तर वेग जास्त. आणि वेग दुप्पट झाला की पाण्याची ऊर्जा चौपट होते.

पाऊस तोच, पण गवताळ डोंगराखालच्या विहिरीला फेब्रुवारीत पाणी असते आणि उघड्या डोंगराखालच्या विहिरीत दगड दिसतात. पाऊस साठवणारे सर्वांत मोठे भांडे माती हेच आहे. ते भांडेच वाहून गेले, तर चांगल्या पावसाच्या वर्षीही टंचाई आणि कमी पावसाच्या वर्षी हाहाकार! दुष्काळ आणि जमिनीची धूप ही अशी जुळी भावंडे आहेत. बातमी मात्र एकाचीच होते.

सव्वा मिलिमीटरची बातमी

असे का होते, हे कळण्यासाठी आणखी एक हिशेब करू.

१९८३ साली ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी भारतातल्या जमिनीच्या धुपेचा एक अंदाज प्रसिद्ध केला. दर वर्षी सरासरी हेक्टरी १६ टनांहून थोडी अधिक माती जागेवरून हलते, असे त्यांना आढळले. साऱ्या देशाची मिळून ती होते ५३३ कोटी टन. त्यातली सुमारे २९ टक्के माती कायमची समुद्रात जाते आणि १० टक्के जलाशयांत जाऊन बसते.

१६ टन म्हणजे दोन मालमोटारी भरतील एवढी माती. ऐकून धक्का बसतो. पण हीच माती हेक्टरभर पसरली तर तिची जाडी किती होईल? एका घनमीटर मातीचे वजन १.३ टन धरा. १६ टनांचे झाले सुमारे साडेबारा घनमीटर. त्याला १०,००० चौरस मीटरांनी भागा. उत्तर येते सव्वा मिलिमीटर! एखाद्या नाण्याच्या जाडीइतका थर. वर्षाकाठी एवढा थर गेला, तर कोणाच्या डोळ्यांवर येणार? शेताचा मालकही सांगू शकणार नाही. पण पंचवीस वर्षांत तीन सेंटिमीटर माती जाते, आणि एक सेंटिमीटर माती घडायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात.

भूकंप एका क्षणात होतो, पूर एका रात्रीत येतो. त्यांची बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर असते. ‘आज रानातून ०.००३ मिलिमीटर माती गेली’ अशी बातमी कोणते वर्तमानपत्र छापील? आणि छापली तरी कोण वाचील?

आता याच्या उलट उदाहरण पाहा. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. तहानलेल्या शहराला त्या पाण्याचे मोल काय होते ते लातूरकरच जाणोत. देशोदेशींच्या वार्ताहरांनी त्या गाडीची छायाचित्रे छापली, आणि ते योग्यच होते. पण ५ लाख लिटर म्हणजे किती? ५०० घनमीटर. आणि एका हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर पडणारे पाणी? तेही ५०० घनमीटरच! म्हणजे जगभर गाजलेल्या त्या पहिल्या गाडीने आणले तेवढे पाणी एका जोरदार पावसात अडीच एकर माळावर पडते आणि माती घेऊन वाहून जाते. तिथे एकही वार्ताहर नसतो.

हे मी वर्तमानपत्रांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. सावकाश घडणाऱ्या गोष्टीची बातमी सांगणे हेच मुळी अवघड काम आहे. ते एक शास्त्रच आहे म्हणा ना. आणि त्यात सर्वांत आधी अडचण येते ती शब्दांची.

शब्दांचा घोटाळा

१७ जून १९९४ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाचा एक करार संमत झाला. म्हणून तर १७ जून हा दिवस. भारत १९९६ साली त्यात सहभागी झाला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कराराची चौदावी परिषद दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे भरली. त्याच्या नावातल्या मुख्य शब्दाचे मराठी भाषांतर आपण करतो ‘वाळवंटीकरण’. हा शब्द माणमधल्या शेतकऱ्यापुढे उच्चारला तर तो म्हणेल, “आमच्याकडं कुठं वाळवंट?” त्याचे बरोबरच आहे. कराराला वाळूच्या टेकड्या अभिप्रेतच नाहीत. कोरड्या प्रदेशातल्या जमिनीचा कस जाणे, माती वाहून जाणे, झाडोरा नाहीसा होणे, असा त्याचा अर्थ. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०१६ साली उपग्रहांच्या साहाय्याने केलेला नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यानुसार देशाची सुमारे २९ टक्के जमीन अशी बिघडलेली आहे आणि महाराष्ट्राची सुमारे ४५ टक्के. आपल्याकडे वाळूचे वाळवंट नाही, पण बिघडलेल्या जमिनीत आपण देशाच्या सरासरीच्या पुष्कळ पुढे आहोत!

हा घोटाळा आपल्याच भाषेत आहे असे नाही. स्पॅनिश भाषेचे पाहा. ही संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक. या कराराची माहितीपत्रके त्या भाषेत निघतात, आणि मेक्सिकोपासून चिली-अर्जेंटिनापर्यंत वीसएक देशांना ती थेट वाचता येतात. त्या भाषेत दोन शब्द आहेत. निसर्गक्रमाने वाळवंट तयार होते त्याला ‘देसेर्तिसासिओन’ आणि माणसाच्या हातून जमीन बिघडते तिला ‘देसेर्तिफिकासिओन’. एवढा बारीक फरक असल्यामुळे सामान्य वाचकाचा गोंधळ होतो आणि लेखकांना तो पुन्हा पुन्हा उलगडून सांगावा लागतो. चिली देशात २०१० पासून वर्षामागून वर्षे पाऊस कमी पडत राहिला. दुष्काळाला त्यांच्याकडे ‘सेकिया’ म्हणतात. पण हा शब्द एका वाईट वर्षासाठी होता. सरता सरत नाही अशा दुष्काळाला तो अपुरा पडू लागला. तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी ‘मेगासेकिया’, म्हणजे महादुष्काळ, असा शब्द वापरला आणि वर्तमानपत्रांनी तो उचलला. लोकांना कळून चुकले की हे नेहमीचे नव्हे.

मराठी ही काही त्या सहा भाषांत नाही. तेव्हा मराठीत ही बातमी सांगायची तर ती आपली आपल्यालाच सांगितली पाहिजे. सुदैवाने आपल्याकडे शब्दांचा तुटवडा नाही. ‘रान धुपले’, ‘माळ उघडा पडला’, ‘जमिनीचा कस गेला’ हे शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. त्यांना अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मराठीतून झालेले प्रयत्न

असे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत असे मात्र नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. शेती आणि गावचे जीवन या विषयांवरचे वीस मराठी कार्यक्रम त्यांनी एकत्र बसून ऐकले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि चर्चेला बसायचे. मग आपल्या शंका पुण्याला लिहून कळवायच्या. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. नंतर तपासणी झाली तेव्हा दिसून आले की, मंडळे असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत चांगलीच भर पडली होती. जिथे नुसताच रेडिओ होता, तिथे तेवढी पडली नव्हती. तेव्हा नुसते ऐकून भागत नाही. त्यावर बोलायला मिळाले, प्रश्न विचारायला मिळाले, तरच ज्ञान अंगी लागते.

पुढे १९७२ चा भयंकर दुष्काळ आला. लाखो माणसे खडी फोडायला, बांध घालायला, पाझर तलाव खणायला गेली. त्या अनुभवातून राज्याची रोजगार हमी योजना घडत गेली. योगायोग असा की, मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेही त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला. त्यावरचा ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीविषयक कार्यक्रम अनेकांना आठवत असेल. त्या नावात मातीचा मान पहिला आहे, हे ध्यानात घ्या.

आणि अलीकडचे उदाहरण म्हणजे पाणी फाउंडेशनची ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही गावांची स्पर्धा. आमिर खान आणि किरण राव यांनी स्थापन केलेल्या या संस्थेने २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांपासून सुरुवात केली. त्या वर्षी ११६ गावांनी भाग घेतला आणि कोरेगाव तालुक्यातले वेळू हे गाव पहिले आले. २०१९ पर्यंत स्पर्धा ७६ तालुक्यांत पोचली होती. चित्रपटातला नट आला म्हणजे गर्दी जमणारच. पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. गावोगावच्या स्त्री-पुरुषांना शिबिरात बोलावून त्यांना मराठी चित्रफितींतून पाणलोटाचे शास्त्र शिकवले गेले, आणि समपातळी रेषा कशी काढायची हे प्रत्यक्ष करून घेतले गेले. बातमी ऐकणारा माणूस तिथे मोजणारा माणूस झाला.

अर्थात स्पर्धा संपली की काम संपले असे मानून चालत नाही. चर भरले, विहिरींना पाणी आले आणि लगेच सगळीकडे ऊस लावला, तर मार्चमध्ये विहिरी पुन्हा कोरड्या. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारची थोरवी इथेच आहे. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने माती-पाणी अडवले, मोकाट चराईला बंदी केली आणि शेतीसाठी विंधनविहिरी खोदणे थांबवले. शिवाय ते पाऊस मोजतात. गावात पर्जन्यमापक आहेत. यंदा पाऊस किती झाला, त्यातला मुरला किती, पिण्याला किती लागेल आणि शेतीला किती उरेल, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पाऊस कमी झाला असेल तर जास्त पाण्याची पिके घ्यायची नाहीत, असे गावच ठरवते. फळ्यावर लिहिलेला तो ताळेबंद म्हणजे दुष्काळाची बातमीच, पण वेळेआधी सांगितलेली.

समपातळी रेषा: करून पाहा

समपातळी रेषा हा शब्द वर आला. ती कशी काढतात ते तुम्हांला शाळेच्या मैदानावर सहज करून पाहता येईल.

सुमारे १० मीटर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी आणि सारख्या उंचीच्या दोन काठ्या घ्या. काठ्यांवर बुडापासून सेंटिमीटरच्या खुणा करा. नळीचे एकेक टोक एकेका काठीला उभे बांधा. दोन्ही टोके उघडी ठेवा आणि नळीत निम्म्याहून अधिक काठीपर्यंत पाणी भरा. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. तो राहिला तर माप चुकते. पाणी रंगीत केले तर पातळी चांगली दिसेल.

आता एका मुलाने पहिली काठी उतारावर एका जागी उभी धरावी. दुसऱ्याने आपली काठी घेऊन थोडे दूर जावे आणि वरखाली सरकत अशी जागा शोधावी की, दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच आकड्यावर येईल. त्या दोन जागा एकाच उंचीवर आहेत. तिथे चुन्याची खूण करा. मग पहिल्याने पुढे जावे. अशा खुणा जोडत गेले की होते समपातळी रेषा.

यामागचे तत्त्व तुम्ही शाळेत शिकलाच आहात. दोन्ही टोकांवर हवेचा दाब सारखा असतो, म्हणून जोडलेल्या नळीतले स्थिर पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येते. या रेषेवर चर खणला तर त्याला उतार नसतो. त्यात आलेले पाणी कुठेच पळत नाही. थांबते, मुरते, आणि बरोबर आणलेली माती तिथेच टाकते. रेषा चुकली तर मात्र चराचा ओढा होतो आणि पाणी उलट जोराने धावते. एवढे मोठे काम, पण त्याचा सारा भरवसा त्या साध्या नळीवर!

बाटलीतली बातमी

तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील, आम्ही शहरात राहतो, आमचा दुष्काळाशी काय संबंध? आमचे ठाणेच घ्या. वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस. पण याच जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे त्याच तालुक्यात आहेत! म्हणजे पाऊस किती पडला हा एकच प्रश्न विचारून भागत नाही. तो थांबला किती आणि कोणाच्या वाट्याला आला, हेही विचारावे लागते.

आता आमच्या भित्तिपत्रकाचे काय झाले, ते सांगतो. मुलांनी भेगांची सात चित्रे काढून टाकली. पावसाचा जोर झाल्यावर त्यांतला एक मुलगा येऊरच्या पायथ्याच्या नाल्यातले तांबडे पाणी बाटलीत भरून घेऊन आला. बाटली टेबलावर ठेवली. वाळू लगेच खाली बसली. पाणी मात्र रात्रभर गढूळच राहिले. दुसऱ्या दिवशी तळाशी बोटभर गाळ दिसत होता. तळाला जाडसर कण आणि वर मऊ तांबूस साय. मुलांनी ती बाटली भित्तिपत्रकासमोर स्टुलावर ठेवली आणि खाली फक्त तारीख, जागा आणि गाळाची जाडी लिहिली.

काकांना मी मुद्दाम ती पाहायला नेले. त्यांनी बाटली उजेडात धरली, हलवणार होते, पण थांबले. हळूच जागेवर ठेवून म्हणाले, “हां. आता बरोबर. ह्यो असा जातोय बघा दुष्काळ वाहून, आन् आपण बसतोय आभाळाकडं बघत.”

मुलांनो, यंदाच्या पावसाळ्यात तुम्हीही असे करून पाहा. गवत असलेल्या उताराखालचे पाणी एका बाटलीत आणि उघड्या उताराखालचे दुसऱ्या बाटलीत भरा. नाल्याच्या काठाशी एकट्याने जाऊ नका. शिक्षकांना किंवा घरच्या मोठ्या माणसांना बरोबर घ्या. दोन्ही बाटल्या एक रात्र स्थिर ठेवा आणि सकाळी गाळ मोजा. तारीख, जागा आणि माप हे तीनच आकडे शाळेच्या फळ्यावर लिहा, दर पावसाला लिहा. चार महिन्यांनी त्या आकड्यांकडे पाहा. एका दिवसात न दिसणारी गोष्ट तुम्हांला तिथे दिसेल, आणि ती तुमच्या गावाला तुमच्या भाषेत सांगणारे पहिले वार्ताहर तुम्हीच असाल.